फ्रेझर-थॉम्पसन घळईतील मालगाड्या: इंजिनाचा चेहरा अंधारातच का राहतो?

कातळरेषा (धागाकर्ता)

नमस्कार. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात होपपासून ॲशक्रॉफ्टपर्यंत पसरलेली फ्रेझर आणि थॉम्पसन नद्यांची घळई मालगाड्यांच्या छायाचित्रकारांना का खुणावते, हे गेल्या सप्टेंबरमध्ये तीन दिवस तिथे राहिल्यावर मला नीट समजले. नदीच्या एका काठावर कॅनेडियन नॅशनलचा (यापुढे सीएन) लोहमार्ग आहे, तर दुसऱ्या काठावर कॅनेडियन पॅसिफिकचा (यापुढे सीपी, १४ एप्रिल २०२३ पासून ही कंपनी सीपीकेसी या नावाने चालते). दोन्ही मार्गांवर दोन-तीन किलोमीटर लांबीच्या गाड्या दिवसरात्र धावत असतात, त्यामुळे वाट पाहण्याचा कंटाळा येण्याचे कारण नव्हते.

अडचण घरी येऊन छायाचित्रे मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर लक्षात आली. मी बहुतेक वेळ सकाळी, बॉस्टन बार आणि हेल्स गेट यांच्या आसपास, महामार्ग क्रमांक १ च्या कडेच्या सुरक्षित थांब्यांवर उभा होतो. समोरचा काठ स्वच्छ उन्हात होता, कडे उजळले होते, नदीचा रंगही चांगला उतरला आहे. गाडीची बाजू, म्हणजे वाघिणींची (मालडब्यांची) सगळी रांग, प्रकाशात आहे. मात्र जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात इंजिनाचे तोंड काळेठिक्कर आहे, दिवे तेवढे दिसतात. आधी मला हा प्रकाशमापनाचा दोष वाटला. पण एकाच चौकटीत डोंगर, पाणी आणि डबे योग्य उजेडात असताना फक्त इंजिनाच्या तोंडाशी मापन चुकावे, हे पटत नाही.

माझी चूक नेमकी कुठे झाली, आणि मे महिन्यात पुन्हा जाणार आहे तेव्हा उभे कुठे राहावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

उत्तरायण

तुमच्या कॅमेऱ्यात दोष नाही. दोष असलाच तर तो दोन कंपन्यांमधल्या कराराचा आहे, असे गमतीने म्हणता येईल.

या घळईत दोन्ही कंपन्यांनी आपापले एकेरी मार्ग एकत्र वापरायचे ठरवले आहे. पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, जाणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या सीएनच्या रुळांवरून उतरतात आणि पूर्वेकडे जाणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या सीपीच्या रुळांवरून चढतात. दोन स्वतंत्र एकेरी मार्गांचा असा दुहेरी मार्ग झाल्यामुळे समोरासमोरच्या गाड्यांसाठी बगलमार्गावर ताटकळण्याचे प्रसंग फार कमी झाले. रेल्वेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, पण छायाचित्रकाराच्या दृष्टीने तिचा परिणाम असा, की त्या पट्ट्यात प्रत्येक काठावर गाडीचे तोंड कुठल्या दिशेला असणार हे जवळजवळ ठरूनच गेलेले असते.

आता नकाशा पाहा. थॉम्पसन जिथे फ्रेझरला मिळते त्या लिटन गावापासून होपपर्यंत फ्रेझर नदी साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. वेळापत्रकात 'पूर्वेकडे' जाणारी गाडी या भागात प्रत्यक्षात नदीच्या प्रवाहाविरुद्ध उत्तरेकडे चाललेली असते. बॉस्टन बारच्या समोरच्या, म्हणजे पश्चिम काठावर सीपीचा मार्ग आहे. तुम्ही सकाळी पूर्व काठावरच्या महामार्गावरून पश्चिमेकडे पाहत होतात, त्यामुळे समोरचा काठ उन्हात होता आणि गाडीची तुमच्याकडची बाजूही उन्हात होती. इंजिनाचे तोंड मात्र उत्तरेला होते, आणि लिटन सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सप्टेंबरमध्ये सूर्य उत्तरेच्या बाजूला जवळजवळ येतच नाही. जूनमध्ये तो पहाटे ईशान्येला उगवतो खरा, पण त्या वेळी तो इतका खाली असतो की घळईच्या भिंती त्याला रुळांपर्यंत पोहोचू देत नाहीत. थोडक्यात, त्या जागेवरून तुम्ही वर्षभर प्रयत्न केलात, तरी पुढच्या इंजिनाचे तोंड उजळलेले मिळणे कठीण आहे.

याउलट सीएनच्या मार्गाने दक्षिणेकडे उतरणारी गाडी सूर्याकडे तोंड करून येते. तिच्यासाठी दुपारनंतरची वेळ धरावी. स्पझमच्या वरच्या अंगाला अलेक्झांड्रा पुलावर महामार्ग नदी ओलांडतो. त्या पुलाच्या दक्षिणेला, येलच्या बाजूस, महामार्ग पश्चिम काठावर आहे आणि सीएनचे रूळ समोर पूर्व काठावर आहेत. दुपारी सूर्य नैर्ऋत्येकडे झुकला की गाडीची बाजू आणि तोंड दोन्ही प्रकाशात येतात. म्हणून माझा ढोबळ नियम असा आहे: अलेक्झांड्रा पुलाच्या उत्तरेला सकाळ घालवावी आणि पुलाच्या दक्षिणेला दुपार. सकाळच्या भागात मात्र पुढच्या इंजिनाचा मोह सोडून द्यावा.

सिग्नल_पिवळा

उत्तरायण यांच्या विवेचनाला एक महत्त्वाची मर्यादा जोडतो. ही दिशावार विभागणी संपूर्ण मार्गावर नाही. ती खाली मिशन गावापासून वर ॲशक्रॉफ्टच्या अलीकडील बास्कच्या परिसरापर्यंतच आहे. त्याच्या वर, कॅमलूप्स सरोवराच्या बाजूला, प्रत्येक कंपनी आपापल्या रुळांवर दोन्ही दिशांच्या गाड्या चालवते. तिथे जाऊन 'या काठावर फक्त चढणाऱ्या गाड्या येतात' असे गृहीत धरणारे पुष्कळ जण चुकीच्या बाजूला तोंड करून उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मी स्वतःही होतो. (बास्क हे नाव रेल्वेच्या इतिहासातही आहे: सीएनच्या आधीच्या कॅनेडियन नॉर्दर्न कंपनीच्या मार्गाचा शेवटचा खिळा तिथेच २३ जानेवारी १९१५ रोजी ठोकला गेला.)

दुसरे असे, की इंजिनाच्या रंगावरून रूळ कोणाचे हे ओळखायला जाऊ नका. सीपीचे लाल इंजिन सीएनच्या पुलावरून उतरताना दिसणे आणि सीएनचे काळे, लालभडक तोंडाचे इंजिन सीपीच्या बोगद्यातून बाहेर पडणे, ही इथली रोजची गोष्ट आहे. हिरव्या किंवा राखाडी कड्याच्या पार्श्वभूमीवर लाल इंजिन हवे असेल, तर ते कोणत्या काठावर येईल हे कंपनीवर अवलंबून नसून गाडी चढणारी आहे की उतरणारी, यावर अवलंबून असते.

आणि तिसरी गोष्ट मालाची. कोळसा, धान्य, पोटॅश आणि गंधक यांचा ओघ समुद्राकडे आहे, त्यामुळे भरलेल्या वाघिणी सीएनच्या काठाने खाली जातात आणि रिकाम्या वाघिणी सीपीच्या काठाने वर परततात. कोळशाची भरलेली गाडी टिपायची असेल, तर सीपीच्या काठाकडे डोळे लावून दिवसभर बसण्यात अर्थ नाही. कंटेनरच्या दुमजली गाड्या मात्र दोन्ही काठांवर भरलेल्या मिळतात, आणि चढणीवर त्या ओढताना इंजिनांचा जो आवाज घळईत घुमतो, तो छायाचित्रात येत नाही याची हळहळ मला दर वेळी वाटते.

वाघीण

मला या चर्चेचा रोखच थोडा चुकलेला वाटतो. इंजिनाचे तोंड उजळले नाही म्हणून छायाचित्र फसले, हा हट्ट स्टेशनाजवळच्या सपाट प्रदेशात ठीक आहे. अशा घळईत तीन किलोमीटरची गाडी कड्याला चिकटून एका वळणातून दुसऱ्या वळणात शिरत असते. तिचा पुढचा भाग बोगद्यात गेलेला, मधला भाग दरड-छपराखाली आणि शेवट अजून आधीच्या वळणावर, असे दृश्य एका चौकटीत मिळत असताना आपण इंजिनाच्या चेहऱ्याची हजेरी का घ्यावी? माझ्याकडील सर्वांत समाधानकारक छायाचित्रात इंजिन नाहीच. केवळ वाघिणींची रांग आहे, आणि खाली नदी आहे.

उत्तरायण

वाघीण यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. गाडी लहान आणि निसर्ग मोठा, ही मांडणी या घळईला शोभते यात शंका नाही. पण डोळा गाडीच्या पुढच्या टोकाकडे आपोआप जातो, आणि तिथे काळा डाग असला तर सगळी रांग आंधळी वाटते. इंजिन चौकटीबाहेर ठेवणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय म्हणजे गाडीच्या शेपटाकडे लक्ष देणे. इतक्या लांब गाड्यांना मध्ये किंवा अगदी शेवटी, पुढच्या इंजिनातून रेडिओद्वारे चालवले जाणारे साहाय्यक इंजिन असते. शेवटच्या इंजिनाचे तोंड पुष्कळदा मागे असते, म्हणजे उत्तरेकडे चढणाऱ्या गाडीच्या बाबतीत दक्षिणेकडे, थेट सूर्याकडे. गाडी निघून गेली म्हणून कॅमेरा खाली ठेवणाऱ्यांचे सर्वांत चांगले छायाचित्र बहुधा त्यानंतर दोन-तीन मिनिटांनी समोरून निघून गेलेले असते.

कातळरेषा

तुमच्या दोन प्रतिसादांत माझ्या तीन दिवसांचा हिशोब लागला. मी प्रत्येक गाडीचे पुढचे इंजिन टिपून लगेच पुढच्या थांब्याकडे गाडी हाकत होतो, त्यामुळे शेवटचे इंजिन एकदाही पाहिले नाही.

आता एक पुढचा प्रश्न. लिटन आणि बॉस्टन बार यांच्या मधल्या सिस्को येथील दोन पुलांवर (एक सीपीचा, एक सीएनचा) मला अर्धा दिवस द्यायचा आहे. महामार्गावरून दोन्ही पूल एकाच चौकटीत येतात हे ठाऊक आहे. तिथेही सकाळी हाच काळोख पदरी पडणार असेल, तर दुपार धरावी का?

पूलवेडी

सिस्कोला सकाळीच जावे, आणि त्याचे कारण मोठे मजेदार आहे.

सिस्को येथे दोन्ही मार्ग आपापला काठ बदलतात. सीपीचा मार्ग पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे लिटनच्या बाजूला, पूर्व काठावर आहे आणि खालच्या अंगाला पश्चिम काठावर. सीएनचे बरोबर उलट. आता दिशावार वाहतूक लक्षात घ्या. सीपीच्या रुळांवरून गाड्या वर चढतात, म्हणजे त्या पश्चिम काठावरून येऊन पूर्व काठावर जातात. सीएनच्या रुळांवरून गाड्या खाली उतरतात, आणि त्याही पश्चिम काठावरून येऊन पूर्व काठावरच जातात. वेळापत्रकात एक गाडी पूर्वेची आणि दुसरी पश्चिमेची असली, तरी पुलावर असताना दोघींची तोंडे साधारण पूर्वेलाच असतात. त्यामुळे सकाळचे ऊन दोन्ही इंजिनांच्या तोंडावर येते. तुमच्या तक्रारीचे उत्तर ज्या एका जागी एकदम मिळते, ती हीच जागा.

सीपीच्या पुलावर आणखी एक सोय आहे. पश्चिम काठावर पुलाला लागूनच बोगदा आहे, त्यामुळे गाडी काळ्या तोंडातून निघते आणि थेट नदीवर येते. बोगद्याच्या मुखावर आधीच लक्ष केंद्रित करून ठेवावे. दिव्यांचा उजेड आतल्या भिंतीवर पसरायला लागला की गाडी यायला काही क्षणच उरतात. सीएनचा पूल पोलादी कमानीचा असून नदीपासून सुमारे २२० फूट उंच आहे. कमान संपूर्ण दिसायची असेल, तर रुंद कोनाची लेन्स लावण्याऐवजी थोडे दूर जाऊन ७० ते १०० मिलिमीटरच्या आसपास काम करावे, म्हणजे मागचा डोंगर पुलाच्या तुलनेत खुजा होत नाही.

आता एक विषयांतर, पण पुलांविषयीच. सध्याचा सीपीचा पूल हा त्या जागेवरचा पहिला पूल नाही. पहिला पूल १८८० च्या दशकात, या पट्ट्याचे कंत्राटदार अँड्र्यू ऑन्डरडाँक यांच्या कामाच्या काळात उभा राहिला, आणि १९१० मध्ये तो काढून व्हँकुव्हर बेटावरील नायगारा नावाच्या छोट्या घळईवर नेऊन बसवण्यात आला. ऑन्डरडाँक यांच्या पट्ट्यात हजारो चिनी मजूर राबले आणि त्यांतील अनेक जण दरडी, स्फोट आणि आजारपण यांत गेले. समोरच्या कड्यात कोरलेला तो अरुंद खाचा उन्हात सुंदर दिसतो, तेव्हा मला ही गोष्ट हटकून आठवते.

दोन्ही पुलांवर एकाच वेळी गाड्या असलेले छायाचित्र मला अजून मिळालेले नाही. त्यासाठी पाच वेळा गेले आहे.

घाटमाथा

उभे राहण्याच्या जागांविषयी इतके लिहिले गेले आहे, म्हणून कुठे उभे राहू नये याविषयीही लिहिणे आवश्यक वाटते.

कॅनडाच्या रेल्वे सुरक्षा कायद्याच्या कलम २६.१ नुसार कायदेशीर कारणाशिवाय लोहमार्गाच्या जमिनीवर प्रवेश करण्यास मनाई आहे. 'मी रुळांवर नव्हतो, बाजूच्या खडीवर होतो' हा बचाव चालत नाही, कारण ती खडीही त्याच जमिनीत मोडते. दोन्ही कंपन्यांचे स्वतःचे पोलिस दल आहे आणि त्यांना या कायद्याखाली अधिकार आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी घळईतील रूळ ही जगातील सर्वांत फसवी जागा आहे. वळणे तीव्र असतात, नदीचा आवाज सतत असतो, आणि उताराने येणारी जड गाडी इंजिनांवर जोर न देता, जवळजवळ निःशब्द येते. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल उतार असल्याने बाजूला व्हायला जागाच नसते. काही वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ 'दोनच मिनिटे' म्हणून खाली उतरले आणि कड्याला पाठ टेकून उभे असताना साडेतीन मिनिटे त्यांच्या छातीसमोरून वाघिणी जात राहिल्या. त्यांनी त्यानंतर रेल्वेची छायाचित्रे काढणे सोडून दिले.

दुसरी बाब जमिनीच्या मालकीची. या घळईचा मोठा भाग नाकापामुख या आदिवासी समाजाची पूर्वापार भूमी आहे आणि महामार्ग व नदी यांच्या मधल्या अनेक जागा त्यांच्या राखीव क्षेत्रात येतात. सिस्कोच्या परिसरातही हे लागू आहे. महामार्गावरच्या थांब्यावरून छायाचित्र घेणे वेगळे आणि चांगल्या कोनासाठी कुंपणापलीकडची पायवाट धरणे वेगळे. परवानगी विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

महामार्गाबाबत एवढेच, की येल ते बॉस्टन बार यांच्या दरम्यान सात बोगदे आहेत आणि त्यांच्या तोंडाशी गाडी थांबवण्याचा विचारही करू नये.

सिग्नल_पिवळा

घाटमाथा यांच्या प्रतिसादातील प्रत्येक वाक्याला माझे अनुमोदन आहे.

गाडी कधी येणार याचा अंदाज घेण्यासाठी मी रेडिओ ऐकतो. रुळांलगत ठरावीक अंतरावर तपासयंत्रे बसवलेली असतात. तापलेला बेअरिंग किंवा लोंबकळणारा भाग आहे का हे ती पाहतात आणि गाडी पुढे सरकल्यावर रेडिओवर यांत्रिक आवाजात निष्कर्ष सांगतात. कोणते यंत्र कुठे आहे हे ठाऊक असेल, तर गाडी आपल्यापासून किती दूर आहे हे कळते. अर्थात घळईत रेडिओलहरी वळणामागे पोहोचत नाहीत, त्यामुळे शांतता म्हणजे गाडी नाही, असा अर्थ काढू नये.

निळी_नदी

प्रकाशाची दिशा स्पष्ट झाली, पण मापनाचा प्रश्न अनुत्तरित राहू नये म्हणून लिहिते.

घळईत एकाच चौकटीत उन्हातला फिकट खडक आणि सावलीतले जंगल असते, आणि दोन्हींना न्याय देणारे मापन नसते. मी उन्हातल्या खडकासाठी मापन ठरवते आणि ते हातानेच कायम करून टाकते, म्हणजे गाडी चौकटीत शिरल्यावर कॅमेरा स्वतःचा विचार बदलत नाही. सावली रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) नंतर दीड स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) सहज उचलता येते. जळालेला खडक मात्र परत येत नाही. सीएनच्या काळ्या इंजिनाकडे पाहून मापन केले तर सगळा डोंगर पांढरा होतो, ही चूक मी पहिल्या वर्षी शंभरदा केली आहे.

शटरच्या वेगाबाबत लोक विनाकारण धास्तावतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे १/५०० सेकंदात जेमतेम तीन सेंटिमीटर. समोरच्या काठाचा ३०० मीटर रुंदीचा देखावा सहा हजार पिक्सेलमध्ये बसवला, तर एक पिक्सेल पाच सेंटिमीटरचा होतो. अशा दूरच्या दृश्यात १/२५० सुद्धा पुरते आणि वाचलेला प्रकाश अधिक खोल स्पष्टतेसाठी वापरता येतो. गाडीने चौकट भरून टाकायची असेल तेव्हाच १/१००० कडे जावे.

पोलरायझर हा लेन्सवरचा फिल्टर पाण्यावरची चकाकी काढतो आणि नदीचा मूळ रंग वर आणतो, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो आणि रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिके करतो. नदी आणि आकाश दोन्ही चौकटीत असतील, तर मी तो काढून ठेवते.

एक सूचना हवेविषयी. उन्हाळ्यात दुपारी लांब लेन्स वापरू नये. तापलेल्या कड्यांवरून उठणारी हवा नदीपलीकडची गाडी पाण्यात बुडाल्यासारखी थरथरवते, आणि कोणत्याही महागड्या लेन्सने तो दोष जात नाही. याच घळईतील लिटन गावात २९ जून २०२१ रोजी ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. कॅनडातील तो उच्चांक आहे. दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळाले. तिथून जाताना खाणे, पाणी आणि इंधन मिळेलच असे गृहीत धरू नये, आणि उद्ध्वस्त घरांचे अवशेष आपल्या चौकटीसाठी 'नाट्यमय पूर्वभूमी' म्हणून वापरू नयेत.

कातळरेषा

फारच उपयुक्त माहिती. मे महिन्यात नदीचा रंग कसा असेल? आणि लिटनच्या वर, थॉम्पसनच्या काठी, उत्तर-दक्षिण हाच हिशोब लागू होतो का?

उत्तरायण

मे-जूनमध्ये डोंगरावरचे बर्फ वितळते, फ्रेझर फुगते आणि गढूळ तपकिरी होते. लिटनच्या संगमावर थॉम्पसनचे हिरवट निळे पाणी त्या गढूळ पाण्याला काही अंतर चिकटून वाहते. स्वच्छ, हिरवी नदी हवी असेल तर ऑक्टोबर उत्तम, आणि त्या वेळी काठावरचे कॉटनवुड वृक्ष पिवळे झालेले असतात. मे महिन्याच्या बाजूने एवढेच सांगता येईल, की वरच्या कोरड्या पट्ट्यातले गवत तेवढ्या काळापुरते हिरवे असते.

थॉम्पसनचा हिशोब वेगळा आहे. स्पेन्सेस ब्रिज या गावापासून लिटनपर्यंत ही नदी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे येते, त्यामुळे सीपीच्या रुळांवरून चढणाऱ्या गाडीचे तोंड ईशान्येला असते आणि सकाळी लवकर त्यावर बऱ्यापैकी ऊन पडते. उतरणाऱ्या गाडीचे तोंड नैर्ऋत्येला असल्याने ती दुपारनंतरची. या भागात माझी आवडती जागा स्किहिस्ट प्रांतिक उद्यान आहे. महामार्गालगतचे हे उद्यान नदीच्या बऱ्याच वर आहे आणि समोर, उत्तर काठावर, सीएनचा मार्ग व्हाइट कॅन्यन नावाच्या भुसभुशीत, फिकट सुळक्यांमधून जातो. दक्षिणाभिमुख उतार असल्याने तो दिवसाचा बहुतेक काळ उन्हात असतो. तिथल्या दरडी इतक्या नित्याच्या आहेत, की रुळांवर काँक्रीटची छपरे आहेत आणि कड्याच्या बाजूला तारांची कुंपणे आहेत. कोसळणाऱ्या दगडाने तार तुटली की सिग्नल आपोआप बदलतो आणि गाडीला सावधपणे पुढे यावे लागते. गाडी भलत्याच जागी कूर्मगतीने येताना दिसली, तर कारण बहुधा हेच असते.

हिवाळ्याविषयी कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. डिसेंबरच्या अखेरीस लिटन येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ साडेसोळा अंश वर असतो. जूनमध्ये तो त्रेसष्ट अंशांवर जातो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर तिरपे, मऊ ऊन असते, पण घळईच्या तळाशी ते पोहोचेलच असे नाही. व्हाइट कॅन्यनसारख्या मोकळ्या, दक्षिणाभिमुख जागा त्या दिवसांत सोन्यासारख्या असतात. येलच्या बाजूला मात्र दोन-दोन दिवस सावलीत काढावे लागतात.

वाघीण

स्पेन्सेस ब्रिजजवळ शिंगाळ्या रानमेंढ्या उतारावर चरत असतात. गाडी येत असताना त्या मान वर करून पाहतात, आणि ती गेली की पुन्हा चरू लागतात. इंजिनाच्या तोंडापेक्षा त्यांच्या तोंडाकडे एकदा लक्ष द्यावे.

कातळरेषा

मे महिन्यातला दौरा आटोपून आलो आहे, म्हणून धागा वर काढतो.

पहिल्या दिवशी मी एकच जागा धरली. सकाळी सहापासून साडेदहापर्यंत सिस्कोच्या वरच्या थांब्यावरून हललो नाही. पहिला तासभर पूल सावलीत होते. मग पूर्वेच्या डोंगराची सावली पाण्यावरून हळूहळू मागे सरकत कमानीच्या पायथ्याशी आली. पूलवेडी यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. सीपीच्या बोगद्यातून सीएनचे इंजिन बाहेर पडले आणि त्याच्या तोंडावर सकाळचे ऊन स्वच्छ पडलेले होते. त्यानंतर पाऊण तासाने कमानीवरून सीपीचे लाल इंजिन कोळशाच्या गाडीसह उतरले. दोन्ही छायाचित्रांत रूळ एका कंपनीचे आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचे आहे.

दुसऱ्या दिवशी बॉस्टन बारच्या त्याच थांब्यावर गेलो, जिथे सप्टेंबरमध्ये फसलो होतो. पुढचे इंजिन जाऊ दिले, कॅमेरा उचललाही नाही. सगळ्या वाघिणी मोजत बसलो आणि शेवटी मागे तोंड करून जोडलेले इंजिन आले, पूर्ण उजेडात. काळोखी छायाचित्रांवर मी किती रात्री घालवल्या होत्या, हे आठवून हसू आले.

येलच्या बाजूची दुपार मात्र साधली नाही. पश्चिम काठावर झाडी इतकी दाट आहे, की समोरचे रूळ दिसतील अशा मोकळ्या जागा फारच थोड्या सापडल्या, आणि जी एक चांगली जागा मिळाली तिथे तीन तासांत एकच गाडी आली, तीही ढगांखालून. त्या भागातल्या, महामार्गावरून कायदेशीररीत्या पोहोचता येतील अशा जागा कोणाला ठाऊक असतील, तर कृपया सुचवाव्यात.

उत्तरायण

त्या भागात जुन्या अलेक्झांड्रा पुलाचा विचार करा. १९२६ चा तो झुलता पूल आता वाहनांसाठी बंद आहे, पण प्रांतिक उद्यानाचा भाग असल्याने तिथे पायी जाता येते. पायवाट सीपीचे रूळ ओलांडते, तिथे दोन्ही बाजूंना पाहून सरळ पलीकडे जावे आणि रुळांवर क्षणभरही रेंगाळू नये. जाण्यापूर्वी पूल खुला आहे का, याची उद्यानाच्या सूचनांमध्ये खात्री करून घ्यावी.

पूलवेडी

कातळरेषा, त्या साडेचार तासांत दोन्ही पुलांवर एकाच वेळी गाड्या आल्या का? उत्तर 'हो' असेल, तर कृपया आठवडाभराने सांगा.

कातळरेषा

नाही आल्या. पहिली गाडी पूर्व काठावर पोहोचून तिचे शेवटचे डबे वळणाआड गेले, तेव्हा पलीकडच्या काठावर दुसरीचे दिवे दिसू लागले होते. फरक चार मिनिटांचा होता.